गोठणगावचा तिबेटी कॅम्प: आमच्या शाळेची थांगका, गालिचा अन मोमोवाली सहल

शैक्षणिक सहल म्हटली की आपल्या इकडच्या शाळांचं ठरलेलं राहते, एक तर नागपूरचं वॉटर पार्क नाहीतर रामटेक-खिंडसी, पहाटे चारला पोट्टे गोळा करायचे, अर्धा दिवस गाडीत, परत यायला रात्रीचे अकरा, अन दुसऱ्या दिवशी विचारलं काय पाहिलं तर "मॅडम, घसरगुंडी". पोरं खूश होतात हे खरं, पण पालक मजुरीतून पैसे काढून देतात तर त्यातून पोरांच्या हाती काही लागायला पाहिजे ना. म्हणून यंदा आम्ही सहावी ते आठवीच्या मुलांना घेऊन अर्जुनी मोरगाव तालुक्यात गोठणगाव-प्रतापगडजवळच्या नॉर्ग्येलिंग तिबेटी वसाहतीत गेलो, विषय ठेवला चित्रकला अन परदेशी जेवण. ज्या शिक्षकांना सहल काढायची आहे त्यांच्यासाठी सविस्तर लिहून राहिली आहे, काय जमलं अन काय नाही जमलं दोन्ही. आधीच सांगते, जा. नक्की जा. पण नुसतं फिरून, मोमो खाऊन, फोटो काढून परत येणार असाल तर एवढं डिझेल जाळू नका, तिथे पोरांच्या हाताला काम द्या.

लाखांदूर, वडसा, कुरखेडा इकडच्या माणसाला "कॅम्प" म्हटलं की लगेच समजते. १९५९ मध्ये तिबेटी लोकांचे धर्मगुरू दलाई लामा तिबेट सोडून भारतात आले, त्यांच्या मागोमाग हजारो तिबेटी लोक आले, मग सरकारने देशात ठिकठिकाणी त्यांच्या वसाहती बसवल्या, त्यातली ही १९७२ ची. तेव्हा गोंदिया जिल्हाच नव्हता, सगळा भंडाराच, गोंदिया वेगळा झाला १ मे १९९९ ला. म्हणजे तिथली आज चाळिशी-पन्नाशीत असलेली कितीतरी माणसं इथल्याच उन्हात वाढली, धानाची शेती करतात, हिंदी सगळ्यांना येते अन बऱ्याच जणांना मराठीही. आपण त्यांना ओळखतो ते फक्त हिवाळ्यात स्वेटर विकायला बसणारे म्हणून. वर्गात विचारलं तर जवळपास प्रत्येकाच्या घरी त्यांच्याकडून घेतलेलं स्वेटर नाहीतर कानटोपी निघाली, पण त्यांच्या घरी काय शिजते, भिंतीवर काय टांगलेलं राहते, हे एकालाही सांगता आलं नाही. इतक्या जवळ राहून इतकं अनोळखी राहणं मला फार खटकलं, अन सहल ठरवायचं खरं कारण तेच.

गाडीचं थोडक्यात. ज्यांच्याकडून गाडी घेतली त्यांनी सातची वेळ देऊन पावणेनऊला गाडी आणली, अन वर दोन सीटा तुटक्या. नाव लिहत नाही पण ठरवताना वेळेबद्दल कागदावर लिहून घ्या, तोंडी बोलण्यावर राहू नका, कारण सकाळचा दीड-पावणेदोन तास गेला की तो दिवसभर भरून निघत नाही, आमचं इटियाडोह धरण पाहायचं त्यातच राहून गेलं.

आता थांगका. हाच सहलीचा जीव होता माझ्या मते. थांगका म्हणजे कापडावर काढलेलं बौद्ध चित्र, चारी बाजूने रेशमी कापडाची किनार लावतात अन गुंडाळून ठेवता येते, तिबेटमध्ये भिक्षू लोक गावोगाव फिरायचे तेव्हा सोबत नेता यावं म्हणून हा प्रकार फार चालला. धरमशाळेकडे बरीच वर्षं शिकून आलेला एक तरुण चित्रकार आम्हाला दाखवायला तयार झाला होता, त्याच्या घराच्या पडवीत बसून. मुलांचे आम्ही गट केले, एका वेळी दहा-बारा जण, अन हे फार बरं झालं कारण ब्रशचं टोक इतकं बारीक की दोन हातांवरून पाहिलं तरच दिसते. लाकडी चौकटीत सुती कापड दोरीने ताणून बांधलेलं, त्यावर खडूची भुकटी अन सरस यांचा लेप, मग तो लेप गुळगुळीत दगडाने घासून घासून असा करायचा की कापडाची वीण दिसायला नको. मुलांना त्याने तयार कापडाचा एक तुकडा हातात दिला, एक बाजू घासलेली, एक न घासलेली, बोट फिरवून पाहा म्हणाला. पोट्टे बोट फिरवतच राहिले.

मग रेघा. बुद्धाचं चित्र मनाला येईल तसं काढता येत नाही, बोटाच्या रुंदीच्या मापात आधी उभ्या-आडव्या रेघांची जाळी आखायची, कपाळ किती, कान किती, खांदा कुठे, मांडी किती, सगळं ठरलेलं. आमच्या आठवीतल्या दोघी चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेला बसल्या होत्या, त्यांना तिथे पहिल्यांदा समजलं की चौकोन आखून चित्र मोठं-लहान करायचं जे शिकवतात ते कशासाठी. त्याने सगळ्यांना झेरॉक्स काढलेली जाळी दिली अन नुसता चेहरा काढायला लावला. अर्धा तास पडवीत आवाज नाही. ज्या मुलाला वर्गात दहा मिनिटं एका जागी बसवता येत नाही तो मुलगा नाकाची रेघ तीनदा खोडून चौथ्यांदा काढून राहिला होता. मला हे पाहून आनंद झाला अन रागही आला, कारण आमच्यासारख्या कितीतरी शाळांत चित्रकलेला शिक्षकच नाही, तो तास गणिताला जाते नाहीतर शिक्षक ऑनलाइन माहिती भरत बसतात. नवीन शिक्षण धोरणात (एनईपी) सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवा असं लिहिलं आहे, ते दहा दिवस असे वापरले तर चित्रकलेचा जीव तरी राहील.

रंग लावताना तो ब्रशचं टोक ओठांना लावून ओलं करत होता अन गडद निळा हळूहळू फिका करत न्यायचा, ढगाच्या कडेला. एका पोराने लगेच विचारलं, "दादा, पानी कायले नाही घेत?" तर तो म्हणाला पाणी जास्त होते, ओठाला बरोबर मोजून मिळते. जुने लोक दगड कुटून रंग करायचे, निळा, हिरवा, शेंदरी, सगळे खनिजांचे, अन खरं सोनंही लावतात, म्हणून चांगल्या थांगक्याला महिने लागतात अन किंमतही तशीच राहते. डोळे सगळ्यात शेवटी काढतात. सातवीतल्या एका मुलाचे वडील वडश्याला नाटक कंपनीत स्टेजचं काम करतात, झाडीपट्टीच्या नाटकाचे पडदे तो लहानपणापासून पाहते, त्याने विचारलं की पडद्यावर आम्ही लांबून दिसावं म्हणून जाड रेघ मारतो, तुमची रेघ इतकी बारीक तर लांबून काय दिसणार? चित्रकार एकदम खूश झाला, म्हणाला हे जवळ बसून, ध्यान करताना पाहायचं चित्र आहे, लांबून नाही. दिवसभरातला सगळ्यात चांगला प्रश्न हाच होता असं मला वाटते, अन तो अशा मुलाने विचारला ज्याचं नाव वर्गात हुशार म्हणून कोणी घेत नाही.

एक थांगका भवचक्राचा, म्हणजे जन्म-मरणाच्या चाकाचा होता, मधोमध कोंबडा, साप अन डुक्कर, म्हणजे लोभ, राग अन अज्ञान, अन सगळं चाक यमाने दातात-नखात धरलेलं. सहावीची मुलं याच्यापाशीच अडकून बसली, त्यातली एकेक आकृती शोधत. चित्र वाचायचं असते हे फळ्यावर कितीही सांगितलं तरी नसतं समजलं.

आमच्या वर्गातली बरीच मुलं बौद्ध घरातली, त्यांच्या आजोबा-पणजोबांनी १९५६ ला नागपुरात अन त्यानंतर बाबासाहेबांच्या मार्गाने दीक्षा घेतलेली, घरी बुद्ध अन बाबासाहेबांचा फोटो रोज समोर. त्यातल्या एकीने मला हळूच विचारलं, "मॅडम, हे आपलेच बुद्ध होत का?" मी तिलाच सांगितलं, जा तू विचार. तिने विचारलं तर तो म्हणाला, "वही है बेटा, हाथ देखो." उजवा हात जमिनीला टेकलेला, भूमिस्पर्श मुद्रा, तिच्या गावच्या विहारातल्या मूर्तीची पण तीच. मग बाकीचे थांगके ती वेगळ्याच नजरेने पाहू लागली, ही हिरवी तारा कोण, हजार हातांचे अवलोकितेश्वर कोण, आपल्याकडे हे का नाहीत, तिकडे का आहेत. मी विज्ञानाची बाई, सगळी उत्तरं माझ्यापाशी नव्हती, पण तिथल्या भिक्षूंनी गोम्पात, म्हणजे त्यांच्या विहारात नेऊन शांतपणे सांगितलं की बुद्ध एकच, वाटा वेगवेगळ्या देशांत वेगळ्या झाल्या. जाताना मुलांनी तिथे पालीत त्रिशरण म्हटलं, कोणी सांगितलं नव्हतं, एकाने सुरुवात केली अन बाकीच्यांनी धरलं, हिंदू-गोंड घरातली मुलं पण हात जोडून उभी. ते भिक्षू हात जोडून ऐकत राहिले अन मग त्यांनी त्यांच्या भाषेत म्हणून दाखवलं. हे कुठल्याही वॉटर पार्कात मिळणार नाही.

गोम्पात जाताना मुलांना आधी सांगून ठेवा, चप्पल बाहेर, प्रार्थनाचक्र (मंत्रांचं फिरवायचं नळकांडं) अन प्रदक्षिणा दोन्ही घड्याळाच्या काट्याच्या दिशेने, मूर्तीकडे पाय करून बसायचं नाही, फोटो विचारून. बाहेर पाच रंगांच्या पताका असतात, निळा आकाश, पांढरा वारा, लाल आग, हिरवा पाणी अन पिवळा जमीन, हा क्रम मुलांनी दोन मिनिटांत पाठ केला. त्यांच्या अक्षरांवरही बरीच चर्चा झाली, वरून रेघ अन खाली लटकलेली अक्षरं पाहून पोरांना वाटलं आपलीच पण वाचता येत नाहीत, तर सांगायला सोपं पडलं की तिबेटी लिपी भारतातल्याच जुन्या लिपीवरून सातव्या शतकात तयार झाली.

गालिच्याचा माग आम्ही एका आजीच्या घरी पाहिला. उभे ताणे, आडवी एक लोखंडी सळई, लोकर ताण्याच्या मागून घेऊन सळईवरून वेढा द्यायचा, परत मागून, परत वेढा, अशी एक ओळ भरली की चाकू सळईवरून सरळ ओढायचा, वेढे कापले जातात अन दोन्ही बाजूंनी लोकरीचे झुपके उभे राहतात, मग सळई काढून फणीने ठोकून ओळ खाली बसवायची. हे तिबेटी गालिच्याचं खास, बाकी ठिकाणी एकेक गाठ मारून कापतात. आजींना बोलायचं कमी अन हात फार चालायचे, पण एका मुलीला जवळ बसवून त्यांनी एक वेढा घालून घेतला, चुकला, त्यांनी सोडवला, परत घालायला लावला. इथे वेळ कमी पडला, फक्त वीस मिनिटं मिळाली. गाडी वेळेवर आली असती तर प्रत्येक मुलाला एक वेढा घालता आला असता.

जेवण. कॅम्पातल्याच एका ताईंनी सोय केली होती, मुलामागे दीडशे रुपये ठरले, अन आम्ही आधीच सांगितलं होतं की सगळं व्हेज पाहिजे अन भांडीही वेगळी, कारण तिबेटी जेवणात मांस भरपूर राहते अन पालकांचा पहिला फोन त्याच्यासाठीच येते. ताईंनी शब्द पाळला. मोमो मुलांनी स्वतः केले, हा सगळ्यात हिट कार्यक्रम. मैद्याचं पीठ आधीच मळून ठेवलेलं, पत्ताकोबी, कांदा, गाजर बारीक चिरलेलं, मुलांनी लाट्या लाटल्या, सारण भरलं अन चुण्या घालायला लागले. पहिले काही मोमो फुटले. मग आठवीतली एक मुलगी, जी घरी दिवाळीत करंजीला मुरड घालते, तिने करंजीचीच मुरड मोमोला घातली अन तो बिनफुटता शिजून निघाला. ताई म्हणाल्या हे आमच्याकडे नाही करत, पण बरं दिसते, अन स्वतः तिच्याकडून शिकून दोन केले. पंधरा मिनिटांत सगळ्या मुली तिच्याभोवती, अन मुलं पण, लाटणं कोणी सोडायला तयार नाही.

सेपेन म्हणून लाल मिरचीची चटणी राहते, ती आपल्या पोट्ट्यांना काहीच तिखट लागली नाही, वाटी चाटून पुसून. थुकपा म्हणजे शेवयांचं गरम सूप, भाज्या घालून, तो पण छान होता पण मुलांना चमच्याने लांब शेवया खाता येईनात, शेवटी सगळ्यांनी वाटी तोंडाला लावली. टिंगमो म्हणजे वाफवलेला पदर-पदर सुटणारा पाव, तो भाजीसोबत, अन हा मला स्वतःला सगळ्यात जास्त आवडला. पण तो कमी पडला, शेवटच्या पंगतीतल्या पोरांना अर्धा-अर्धा मिळाला, हे बरोबर नाही झालं. संख्या आठवडाभर आधी दिली होती, तरी कमी पडला. खाण्याच्या बाबतीत तक्रार एवढीच.

लोणी घातलेला खारा चहा मात्र बहुतेकांनी एक घोट घेऊन ठेवून दिला. मी जबरदस्ती केली नाही, पण यावरून जो तास झाला तो शाळेत कधी झाला नसता. मी विचारलं, चहात लोणी अन मीठ का घालत असतील? मुलं म्हणाली त्यांना साखर मिळत नसेल. मग सांगितलं की ल्हासा साधारण ३,६५० मीटर उंचीवर आहे, हवेचा दाब कमी, तिथे पाणी साधारण ८८ अंशालाच उकळते, मग साध्या गंजात (पातेल्यात) भात कसा शिजेल? एकाने लगेच सांगितलं, "कच्चाच राहील." बरोबर. शिवाय तिकडच्या थंडीत धान होतच नाही, जव होते. म्हणून ते जव आधी भाजून घेतात, दळतात, त्याला त्साम्पा म्हणतात, अन तो शिजवायची गरजच नाही, चहात कालवून हातानेच गोळा करून खायचा. थंडीत अंगाला ताकद पाहिजे म्हणून लोणी, अन मीठही. आठवीच्या पुस्तकात हवेचा दाब आहे, उत्कलन बिंदू आहे, पण एवढ्या गोष्टी एका वाटीत मी कधी शिकवल्या नव्हत्या. ताईंनी त्साम्पा चाखायला दिला तर आमच्या पोषण आहाराच्या मावशी सोबत होत्या, त्या म्हणाल्या, "हे तं आपलं सातूचं पीठ हाये बाप्पा, माही आजी गूळ घालून देत होती." झालं, मग सगळ्यांनी आवडीने खाल्ला, ज्यांनी चहा ठेवून दिला होता त्यांनी पण.

मावशींना मुद्दाम नेलं होतं अन तुम्हीही न्या. त्या रोज खिचडी करतात, पोरांच्या खाण्याचं त्यांना आपल्यापेक्षा जास्त समजते. त्यांनी अन त्या ताईंनी चुलीजवळ बसून तासभर गप्पा मारल्या, लाखोळीची डाळ कशी करता, जवसाची चटणी कशी, तुमच्याकडे हिवाळ्यात काय खातात. परत येताना ताईंना जवसाच्या चटणीची पुडी देऊन आल्या.

खरेदीचं एक सांगून ठेवते. रस्त्यात एका दुकानात थांगका म्हणून जे विकत होते ते छापील होतं, वर फक्त सोनेरी रंगाच्या दोन-चार रेघा हाताने मारलेल्या. छापील घेण्यात गैर नाही, दोन-तीनशे रुपयांत वर्गात लावायला चांगलंच आहे, पण हाताचं म्हणून हजारो रुपये सांगत होते ते चुकीचं. ओळखायचं कसं तर कापड तिरपं धरून उजेडात पाहा, हाताच्या रंगाला थर दिसतो, सोनं वेगळं चमकते, मागून जाळीच्या किंवा पेन्सिलच्या खुणा कधी कधी दिसतात, अन छपाई असेल तर भिंगाखाली ठिपके दिसतात. आमच्या मुलांनी शाळेचं भिंग सोबत नेलं होतं, त्यांनीच ठिपके शोधले अन दुकानदाराला दाखवले. मला त्यांचा फार अभिमान वाटला.

सोयी. शौचालयं कमी आहेत, मुलींसाठी आधी विचारून ठेवा, आम्हाला एका घरी विनंती करावी लागली, त्यांनी आनंदाने दार उघडलं पण एवढ्या मुलींची रांग कोणाच्या घरी लावणं बरं नाही. पाणी आपलं न्या. एका दिवसात साठच्या वर मुलं नेऊ नका, दोन वेगळ्या शनिवारी गेलं तरी चालेल पण गर्दी नको, कारण हे पर्यटनाचं ठिकाण नाही, लोकांची घरं आहेत, ते शेतावर जातात, त्यांची पोरं शाळेत असतात. आधी जाऊन तिथल्या जबाबदार माणसांना भेटा, परवानगी घ्या, चित्रकाराला अन आजींना मानधन द्या, पाकिटात, मुलांच्या हाताने. आम्ही दिलं तर ते नको म्हणत होते, तरी दिलं, कामाचे पैसे द्यायचेच असतात हेही मुलांनी पाहायला पाहिजे.

वेळेचं म्हणाल तर दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत बरेच लोक स्वेटर विकायला बाहेरगावी असतात, तेव्हा अर्धी घरं बंद राहतात. लोसर म्हणजे त्यांचं नवीन वर्ष फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास येते, त्याच्या थोडं आधी गेलं तर खाप्से तळणं चालू राहते, म्हणजे मैद्याचे वेगवेगळ्या आकाराचे तळलेले पदार्थ, मुलांना ते पण करता येतील. महाशिवरात्रीच्या आठवड्यात मात्र जाऊ नका, प्रतापगडला मोठी यात्रा भरते, रस्ता जाम राहते. मार्च संपला की ऊन, मग पडवीत बसून थांगका पाहणं होत नाही. आम्हाला सगळं मिळून, गाडी, जेवण, मानधन, कागद-पेन्सिल धरून मुलामागे साडेतीनशेच्या आत पडलं, अन ज्या चार-पाच घरांना ते जमत नव्हतं त्यांचं आम्ही शिक्षकांनी मिळून भरलं.